डोंगर उद्याचा

घोटी सोडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलं की तासाभरात बारी गाव येतं, आणि बारी आलं की गाडीतला कुणीतरी एक हमखास म्हणतो, “कळसूबाई वाटेतच आहे की! आजच उरकून टाकू.”

‘उरकून टाकू’ हे शब्द दळणाला शोभतात, वीजबिलाला शोभतात. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच, 1646 मीटरच्या शिखराला ते लावले की समजावं, सहलीचा पहिला दिवस बिघडायला सुरुवात झाली. हे मी अनुभवानं सांगतो, कारण काही वर्षांपूर्वी गाडीत ते वाक्य बोलणारा मीच होतो.

दिवाळीनंतर भातं निघाली, थंडी पडली की चार-पाच जणांनी एक गाडी काढायची, अकोले तालुक्यात तीन-चार दिवस मुक्काम टाकायचा, एक दिवस रतनगड, पुढचे दोन दिवस अलंग-मदनचे कातळटप्पे, जमलं तर येताना कळसूबाई, असा बेत आता बरेच जण आखतात. रतनगडाचं काय, अलंग-मदनचं काय, याची माहिती तुम्हाला भरपूर मिळेल. पहिल्या दिवसाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तो ‘प्रवासाचा दिवस’ म्हणून सोडून दिलेला असतो. माझं मत असं की पुढच्या तीन दिवसांत जे काही बिघडतं त्यातलं निम्मं पहिल्या दिवशी बिघडलेलं असतं, फक्त ते कातळावर गेल्यावर कळतं.

पहिली गोष्ट निघण्याच्या वेळेची. आपल्याकडे ट्रेकची जुनी रीत म्हणजे शुक्रवारी रात्री अकराला निघायचं, पहाटे चारला पायथ्याच्या गावात पोहोचायचं, शाळेच्या ओट्यावर दोन तास अंग टाकायचं आणि उजाडताच चढायला लागायचं. ही रीत कसाऱ्याची शेवटची लोकल आणि भाड्याची जीप यांच्या काळात ठीक होती, कारण जीप चालवणारा डोंगर चढत नव्हता. स्वतःच्या गाडीत स्टिअरिंगवरचा माणूस उद्या दोर धरणारा असतो. तो रात्रभर जागून गाडी चालवणार आणि मग दुसऱ्याचा जीव हातात घेऊन बिले, म्हणजे खालून दोराचा आधार, देणार, हे गणित कुठल्याच बाजूनं जमत नाही. म्हणून रात्री घरी झोपा आणि पहाटे पाचला निघा. पुणेकरांना पाचला निघायला आणखी एक कारण आहे, त्याचं नाव चाकण. सहाच्या आत चाकण ओलांडलं की आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असं आरामात अकरापर्यंत भंडारदऱ्याजवळच्या शेंडीला पोहोचता येतं. मुंबई-ठाण्याकडच्यांनी भिवंडी-पडघा उजाडायच्या आत मागं टाकावं.

मुंबईकडून येणाऱ्यांना हल्ली दोन वाटा आहेत. जून 2025मध्ये आमणे ते इगतपुरी हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. वेळ वाचतो हे खरं. पण भरलेली गाडी आणि जुने टायर असतील तर सलग वेगानं टायर तापतात, त्यामुळे हवा आदल्या दिवशी, टायर थंड असताना भरा. किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. एकट्या-दुकट्यासाठी वेगळा आकडा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. बहुतेकांनी तो स्टिकर कधी वाचलेला नसतो. स्टेपनीतली हवाही बघा. स्टेपनी सामानाच्या खाली असते, म्हणजे ती बघायची वेळ सामान भरायच्या आधीचीच. घाटानं येणार असाल तर चढणारा आणि उतरणारा रस्ता वेगळा आहे, समोरून गाडी यायची भीती नाही. पण भरलेले ट्रक कासवाच्या गतीनं चढत असतात, त्यांच्या मागं धीर धरा. परतीला उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, सारखा ब्रेकवर पाय ठेवून नको.

सामान भरण्यात थोडं डोकं घालावं लागतं. जड सॅका खाली आणि मागच्या सीटला टेकवून. मागच्या काचेखालच्या फळीवर हेल्मेट किंवा कॅराबिनरची पिशवी ठेवायची नाही, जोरात ब्रेक लागला की तीच तुमच्या मानेवर येते. पण सर्वांत जास्त जपायचा तो दोर. दोराला स्वतंत्र पिशवी हवी आणि त्या पिशवीच्या आसपास इंजिन ऑइलचा डबा, स्टोव्हचं रॉकेल, आणि विशेष करून जुनी बॅटरी, यांतलं काहीही नको. बॅटरीतल्या ॲसिडचा नायलॉनच्या दोराशी उभा दावा आहे. नुसता ओघळ लागला, नुसती वाफ लागली तरी दोर आतून कमजोर होतो आणि वरून डागसुद्धा दिसत नाही. आमच्यातल्या एकानं घरचा इन्व्हर्टर दुरुस्तीला नेऊन आणला होता, त्याच डिकीत दुसऱ्या दिवशी दोर पडला होता. काही झालेलं असेल-नसेल, सांगता येत नव्हतं. सांगता येत नाही म्हणूनच तो दोर आम्ही चढाईतून बाद केला. आता तो गच्चीत कपडे वाळत घालायला आहे आणि फार मजबूत आहे असं घरच्यांचं म्हणणं आहे.

नाश्त्याबद्दल एकच. वाटेत मिसळ खायची असेल तर खा, मी कोण अडवणारा. पण तर्री तिसऱ्यांदा मागवू नका. पुढं वळणांचा रस्ता आहे आणि मागच्या सीटवर मधोमध बसलेल्याची काय अवस्था होते ते त्यालाच विचारा.

घोटी किंवा पुण्याकडून येताना राजूर, इथं थांबून तीन कामं करावीत. टाकी भरून घ्यावी. रोख पैसे घ्यावेत, सुट्ट्या नोटांसकट. पुढं मोबाइलची रेंज येऊन-जाऊन असते आणि रेंज नसली की फोनमधल्या पैशांचा काही उपयोग नाही. तिसरं काम घरच्यांचं. कुठल्या गावात मुक्काम, कोणाच्या घरी जेवण, कुठल्या दिवशी कुठला गड, परत खाली कितीला येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे सगळं एका निरोपात लिहून पाठवा. ‘भंडारदऱ्याला चाललोय’ एवढ्यावर कुणी शोधायला निघालं तर कुठून सुरुवात करणार? संकटात 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे सगळ्यांना पाठ असतात. त्याशिवाय महाराष्ट्रात गिर्यारोहकांनीच उभी केलेली डोंगरातल्या बचावकार्याची समन्वय यंत्रणा आहे, तिचा हेल्पलाइन क्रमांक घरून निघतानाच प्रत्येकाच्या फोनमध्ये जतन करून घ्या. एकाच्या फोनमध्ये असून भागत नाही. नेमका तोच फोन दरीत पडतो.

आता बारी येईल आणि ते वाक्यही येईल. गाडी थांबवू नका. थांबलात तरी चहापुरतं थांबा. कळसूबाईला जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात, लोखंडी शिड्या आहेत, शनिवार-रविवारी त्या शिड्यांखाली रांग असते. बारा वाजता चढायला लागलात तर भर उन्हात चढाल आणि अंधारात उतराल. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. आम्ही नेमकं तेच केलं होतं. उतरून मुक्कामाच्या गावी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. ज्या घरी जेवण सांगितलं होतं तिथली माणसं भाकऱ्या झाकून आमची वाट बघत बसली होती. त्याहून वाईट म्हणजे अंधारात गाडी कुठं लावली हे आम्हाला दिसलं नाही. पहाटे काचेवर टकटक झाली. गावातल्या एक आजी उभ्या होत्या. “बाळांनो, गाडी जरा तिकडं घ्या, भात झोडायचाय.” आम्ही गाडी त्यांच्या खळ्यावर उभी केली होती. शेणानं सारवून, दोन दिवस वाळवून तयार केलेलं खळं, आणि त्यावर आमच्या टायरचे दोन पट्टे, मधोमध इंजिनमधून गळलेल्या तेलाचा एक काळा थेंब. आजी रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही चौघांनी तो तेवढा भाग खरवडून काढला आणि त्यांनी तो पुन्हा सारवला, तोवर नऊ वाजले.

म्हणून उजेडी पोहोचा आणि पहिला प्रश्न ‘गाडी कुठं लावू?’ हाच विचारा. मोकळी, सपाट, स्वच्छ दिसणारी जागा हिवाळ्यात कुणाचं तरी खळं असते. जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं असावं, नेमक्या माणसांच्या आकड्यासकट. शेंडीपासून पुढचा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेश शुल्क असतं, त्याची पावती जपून ठेवा.

भंडारदरा धरणाच्या पाण्याला वळसा घालत रस्ता रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीला जातो. हे धरण 1926मध्ये पुरं झालं. प्रवरेचं पाणी इथं अडवलं आहे आणि प्रवरेचा उगम समोरच्या रतनगडावर. रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव काळ्या दगडाचं देऊळ आहे, शेजारी पुष्करणी आहे. दुपारी जेवण झाल्यावर तिथं तासभर बसलात तर काही वाया गेलं असं समजू नका. वर मान केली की रतनगडाचा माथा आणि त्यातलं नेढं दिसतं का ते बघा. उद्या जिथं जायचं ती वाट आज खालून डोळ्यांनी चालून घेता येते, ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

मग दुपारी तीनच्या सुमाराला खरं काम. दोर उघडायचा.

ओसरीवर एक स्वच्छ चादर किंवा ताडपत्री अंथरा. दोराचं एक टोक घ्या आणि तो हातातून सोडत चला, वीतभर वीतभर, साठ मीटरच्या साठ मीटर. डोळे मिटले तरी चालेल, कारण हे काम बोटांचं आहे. चांगला दोर बोटांत सगळीकडे सारखा गोल लागतो. कुठं अचानक मऊ लागला, चपटा लागला, आतलं गाभ्याचं सूत सरकल्यासारखं वाटलं, किंवा चिमटीत वाकवल्यावर नेहमीपेक्षा जास्त घट्ट घडी पडली, तर थांबा. तिथं खूण करा. वरच्या आवरणाचे धागे पिंजलेले असतील तर ते डोळ्यांना दिसतं. गाभा दुखावलेला असेल तर तो फक्त बोटांना कळतो. एका दोराला असा पाऊण तास लागतो आणि हा पाऊण तास अलंगच्या पायथ्याशी, सकाळी सातला, सगळे निघायच्या घाईत असताना कुणीही देत नाही. ते फक्त पहिल्या दिवशी दुपारीच होतं. टोकाजवळ शंका आली तर तेवढा भाग कापून टाकता येतो, मधे आली तर दोर बाद. न वापरलेल्या दोरालाही बहुतेक कंपन्या दहा वर्षांपलीकडे परवानगी देत नाहीत, तेव्हा ‘काकांनी दिलेला अगदी नवाकोरा’ दोर असेल तर काकांना वर्ष विचारा.

हेही बघून घ्या की तो दोर कुठल्या जातीचा आहे. ताणला जाणारा, म्हणजे डायनॅमिक दोर पुढं चढणाऱ्या माणसासाठी. तो पडला तर दोर लांबून झटका पोटात घेतो. न ताणला जाणारा स्टॅटिक दोर रॅपलिंगला, सामान ओढायला. दोन्ही बरेचदा सारख्याच रंगाचे असतात आणि घाईत अदलाबदल होते. स्टॅटिक दोरावर पुढं चढताना पडलात तर तो सगळा झटका तुमच्या कमरेला आणि वरच्या खिळ्याला बसतो.

दोरानंतर बूट. यावर कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून सांगतो. कळसूबाईच्याच त्या दिवशी, दुसऱ्या शिडीच्या वर, आमच्यातल्या एकाच्या बुटाचा आख्खा तळ सुटला. भारी बूट, दोन वर्षांत चारदा वापरलेला, माळ्यावर खोक्यात जपून ठेवलेला. त्याच्या मते बूट नवा होता. पण बुटाच्या मधल्या थरातला फोम, पॉलियुरेथेनचा, हवेतल्या दमटपणानं हळूहळू कुजतो. वापरला नाही तरी कुजतो. कपाटात पडून राहिलेला बूट तर उलट लवकर जातो. मुंबई-कोकणच्या हवेत तर विचारूच नका. वरून चामडं चकचकीत, आणि अंगठ्यानं दाबलं की आत शेवेसारखा भुगा. निघायच्या आठवडाभर आधी ते बूट घालून बाजारात भाजी आणायला जा, आणि पहिल्या दिवशी दुपारी पुन्हा एकदा तळ दोन्ही हातांनी पिळून बघा. सॅकेत कापडी चिकटपट्टी आणि मीटरभर नायलॉनची सुतळी असू द्या. आमचा मित्र त्या दिवशी सुतळीनं बांधलेल्या तळावर उतरला. प्रत्येक पायरीला टाळ्या वाजल्यासारखा आवाज येत होता.

चारच्या पुढं ऊन उतरलं की गावाजवळचा एखादा दहा-बारा फुटांचा धोंडा शोधा. अवघड नको. हार्नेस चढवा, प्रत्येकानं दुसऱ्याचं बकल हातानं ओढून बघावं, फिगर ऑफ एटची गाठ प्रत्येकानं स्वतः मारावी. मग एकानं चढायचं, एकानं बिले द्यायचा आणि चढणाऱ्यानं मुद्दाम हात सोडायचे. चौघांनी एकमेकांबरोबर हे एकदा तरी करावं. वजनाचा मोठा फरक असेल तर इथंच दिसतो: पंचावन्न किलोची मुलगी पंच्याऐंशी किलोच्या दादाला धरते तेव्हा ती जागेवरून उचलली जाते आणि पाठीमागं ॲंकर लागतो, हे धोंड्यापाशी शिकायला हरकत नाही. हाका-आरोळ्याही इथंच ठरवा. ‘ढील’ म्हणजे काय, ‘टाइट’ म्हणजे काय आणि वाऱ्यात आवाज गेला नाही तर दोराला किती हिसके द्यायचे. अलंगच्या टप्प्यावर वारा वाहत असतो आणि “काय?” “काय काय?” या संवादात बराच वेळ जातो.

धोंड्यावर हात आहेच तर सह्याद्रीच्या दगडाशीही ओळख करून घ्या. हा बेसाल्ट आहे, लाव्ह्याच्या थरावर थर. एक थर लोखंडासारखा, तर वरचा ठिसूळ, भुरभुरीत. पकड धरायच्या आधी तळहातानं थापटून बघायची. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आवाज आला तर दुसरी पकड शोधा. आणि पकड स्वतःकडे ओढू नका, खाली दाबा. कड्याच्या ओव्हरहँगखाली काळ्या पोळ्या लोंबताना दिसल्या तर ते आग्या मोहोळ असतं. त्याच्याखाली धूर नाही, अत्तर-डिओ नाही, आरडाओरडा नाही. माशा उठल्या की दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

अलंग-मदनवर हे टप्पे का आहेत, ते त्या संध्याकाळी नवख्यांना सांगा. तिथं पायऱ्या होत्या. 1818मध्ये किल्ले घेतल्यावर इंग्रजांनी त्या सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे पुन्हा कुणी वर जाऊन लढू नये. आज आपण हौसेनं ज्या उघड्या कातळाला दोर लावतो, तो त्या स्फोटानं उघडा पडलेला आहे. हे माहीत असलं की तिथल्या तुटक्या पायरीवर पाय ठेवताना माणूस जरा जपून ठेवतो. त्या भागातला जाणकार वाटाड्या मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आंबेवाडीतून चढणाऱ्या वाटांना कारवीच्या रानात फाटे फुटतात आणि चुकीचा फाटा तुम्हाला कड्यावर नेऊन सोडतो.

सूर्य बुडायच्या तासभर आधी अर्ध्या तासाची चाल पुरे. रतनगडाच्या वाटेनं थोडं वर, आणि परत. यात कुणाचा श्वास लागतो, कुणाचा गुडघा बोलतो, कोण पाणी प्यायचं विसरतो हे कळतं. उद्या सर्वांत सावकाश चालणारा पुढं ठेवायचा, हे ठरवायला एवढं पुरतं.

रात्री जेवण. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, नशिबात असेल तर या तालुक्यातल्या काळभाताचा वाफाळता भात. उद्याचं पाणी आत्ताच भरा, माणशी तीन ते चार लिटर. सकाळी सगळ्यांना एकाच हंड्यापाशी गर्दी करावी लागते आणि घरातल्या बाईंची कामं खोळंबतात. बॅटरी घेतल्याशिवाय अंगणात उतरायचं नाही, सकाळी बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. फुरसं आणि विंचू दोघांनाही बुटाची ऊब आवडते. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा. किल्ली कुठं आहे हे दोघांना माहीत हवं. गाडीवाला वर पाय मुरगळून बसला आणि किल्ली त्याच्या सॅकेत, असं होऊ देऊ नका. साडेनऊला झोपा, गप्पा शेवटच्या रात्री मारा.

आणि सकाळी गाडी काढायची झालीच तर आधी खाली वाकून बघा. खळ्याच्या त्या प्रकरणानंतर दरवर्षी आम्ही आजींकडेच उतरतो. निघताना त्या दारातून न चुकता ओरडतात, “थांबा रे, चाकाखाली कोंबडी हाय!”